हिरूच्या पाड्याचे त्रेसष्ट दाखले

पृथ्वीवर पूर्वी कुठे काय होतं आणि ते तिथून कुठे गेलं, हे शोधून काढण्याइतकं उदात्त कार्य मानवी बुद्धीला अजून सापडलेलं नाही. आमच्या घरी हे कार्य दर रविवारी सकाळी पावणेसातला सुरू व्हायचं. मला दुसरा मोजा सापडत नसे, म्हणून सातला.

कार्य माझं नव्हे, बायकोचं. अहिल्या चुरी डहाणूच्या कॉलेजात भूगोल शिकवायची आणि तिचा खास विषय ऐतिहासिक भूगोल. म्हणजे मोडलेल्या वाटा, उठून गेलेली गावं, पात्र बदललेल्या नद्या. लग्नानंतर पाचसहा वर्षं मी लोकांना नुसतं 'इतिहास-भूगोल' सांगायचो आणि लोक समजायचे, बाई सातवीला शिकवतात. मी स्वतः डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क. चिकूच्या करंड्या वजन करायच्या, चिठ्ठी लावायची, गाडीत चढवायच्या. करंडी पुढे दिल्लीत कोणी खाल्ली, गोड निघाली की नाही, याची चौकशी मी कधी केली नाही. चौकशीची सवय मला पुढे अहिल्येपायी लागली.

१९८३ साली ती एका वाटेच्या मागे लागली. तिचं म्हणणं असं, की झाईच्या किनाऱ्यावरून मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर लादून तलासरीवरून घाटाकडे जायची, आणि ही वाट तीनचारशे वर्षं तरी चालू होती. कुठल्या नकाशात ती नव्हती. सरकारी दप्तरात नव्हती. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते एसटीचा रस्ता दाखवत.

मी विचारलं, मग ती होती हे कशावरून?

"बैलाला पाणी लागतं," अहिल्या म्हणाली.

एवढ्यावर तिने काम सुरू केलं. लादलेला बैल एका दमात किती चालतो ते अंतर काढलं आणि तेवढ्या-तेवढ्या अंतरावर बुजलेल्या विहिरी शोधत आम्ही दोन हिवाळे फिरलो. ती पुढे, मी पाठीवर डबा घेऊन मागे. आठव्या विहिरीपर्यंत मी मनातल्या मनात तिच्या विद्वत्तेबद्दल जे बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नववी विहीर तिने आदल्या दिवशी घरी बसून नकाशावर पेन्सिलीने टिंब काढून ठरवली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही टिंबावर गेलो तर करवंदीच्या जाळीत दगडी बांधकाम होतं. मी जाळीत पडलो म्हणून ते सापडलं, हा माझा ऐतिहासिक भूगोलातला एकमेव शोध.

तलासरीच्या पुढे तासभर चालल्यावर एक माळ लागतो. जुन्या चिंचा, मातीत बुडालेले चौथरे, एका कडेला एकच कुडाची झोपडी. पाडा कधीचाच उठून ओढ्यापलीकडे गेलेला. त्या माळावर अहिल्या एकदम खाली बसली. मला वाटलं, चक्कर आली. तिने मूठभर माती उचलली, हलकेच फुंकर घातली आणि तळहात माझ्यापुढे धरला. तांदळाच्या कणीएवढे शिंपले होते. समुद्र तिथून वीस किलोमीटर.

"मिठाच्या गोणीतून येतात," ती म्हणाली. "इथे बैल सोडायचे, गोण्या उतरवायच्या. गोणी फाटायची, मीठ सांडायचं. मीठ पावसात गेलं. हे राहिले."

मी जन्मभर मीठ खात आलो होतो, पण त्याने असं काही मागे ठेवलेलं मला दिसलं नव्हतं. कागद नाही, शिलालेख नाही, आणि या बाईने चारशे वर्षांची वर्दळ मातीतून चिमटीत धरून वर काढली होती. आपण घरात कोणाशी तांदळाच्या खड्यांवरून भांडतो याची मला नीट कल्पना नव्हती, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग मोजमाप सुरू झालं. कॉलेजातून आणलेली कापडी टेप एका टोकाला मी धरली, दुसऱ्या टोकाला ती. विहिरीपासून मोठ्या चिंचेपर्यंतचं अंतर ती वहीत लिहीत होती, तेवढ्यात झोपडीपुढे लांब दोरीने बांधलेल्या शेळीने टेपचा चार ते अकरा मीटरचा भाग शांतपणे खाऊन टाकला. आवाज झाला नाही. दोन्ही टोकं आमच्या हातात व्यवस्थित होती.

झोपडीतून जमना नावाची बाई धावत आली. चाळिशीची असेल. तिला फार शरम वाटली. आम्ही नको-नको म्हणत असताना तिने शेळीची दोरी सोडली आणि अहिल्येच्या हातात दिली. झाईच्या कोळ्यांकडून आणलेली नायलॉनची दोरी होती, चांगली दहा मीटर भरली. जमना म्हणाली, "ही घे बाय. काम झालं का आणून दे."

अहिल्येने तिला पाड्याचं जुनं नाव विचारलं. जमनाने एकदा वर, झोपडीशेजारच्या ताडाकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. अहिल्येने पुन्हा विचारलं. दारात आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही, हा तिकडचा रिवाज. शेळी टेपचा शेवटचा तुकडा गिळत होती. जमना म्हणाली, "तू हिरूचा पाडा म्हण."

अहिल्येने वहीत लिहिलं, वार आणि वेळ घालून.

त्या दोरीला तिने दर मीटरला गाठ मारली, पाचव्या गाठीला लाल चिंधी बांधली. नायलॉन ताणतं म्हणून दर महिन्याला ती कॉलेजातल्या पोलादी टेपशी ताडून पाहायची आणि फरक वहीच्या शेवटच्या पानावर टिपायची. पुढची सगळी वर्षं आमचा मुलूख त्याच दोरीने मोजला गेला. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.

लेख १९८५ साली लंडनच्या एका त्रैमासिकात आला. बावीस पानं, चार नकाशे. शेवटी आभार. तेवीस माणसांचे नावानिशी आभार होते. बोटवाले, ताडीवाले, तलाठी, तीन एसटी कंडक्टर, जमनासुद्धा. चोविसावी ओळ अशी: 'आणि दोरीचं दुसरं टोक ज्यांनी धरलं त्यांचे.' मला वाईट वाटलं नाही. अहिल्या मला 'अहो' म्हणते. बाहेर 'घरचे' म्हणते. बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं की फॉर्म माझ्याकडे सरकवते. तिच्या आईने कधी नाव घेतलं नाही, सासूने घेतलं नाही, तिच्या तोंडाला ते वळणच नाही. इंग्रजीत तरी कसं येणार?

आता दाखल्यांचं सांगतो. एखाद्या विद्वानाने लेख लिहिला की दुसरे विद्वान आपल्या लेखात तळटीप देऊन त्याचा दाखला देतात. किती दाखले मिळाले यावर विद्वानाचं वजन. हे दाखले मोजणारे जाडजूड ग्रंथ दर वर्षी अमेरिकेतून निघत, आणि मुंबईच्या एका ग्रंथालयात ते होते. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. ते बघायला अहिल्येने जाणं शक्य नव्हतं, कारण तिला त्याची पर्वा नव्हती. तसं तिने मला चारपाचदा सांगितलं. म्हणून मी रजा काढून, भिंग घेऊन जायचो.

१९८७ साली तीन. मी भिंगातून पुन्हा-पुन्हा पाहिलं. 'चुरी ए.' आणि खाली तीन ओळी. एक इंग्लंड, एक हॉलंड, एक कॅनबेरा. डहाणू रोडवरून सुटलेली करंडी कॅनबेराला पोचली होती आणि तिथे कोणीतरी ती उघडली होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मी दाखवणार होतो, पण तो झोपला होता.

घरी आलो तर अहिल्या पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "ग्रंथालयात पंखा चालू होता का?"

"तीन," मी म्हणालो.

पोळी करपली. आमच्याकडे पोळी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

पुढे दर वर्षी पंख्याची चौकशी व्हायची. नऊ. सतरा. सव्वीस. मुंबईतल्या एका नामवंताचे बारा दाखले होते, त्यातले अकरा त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेले. अहिल्येने स्वतःला एकही दिला नव्हता. मी तसं सुचवलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी भाजी आणायला गेलो.

फक्त एक गोष्ट व्हायला लागली. तिच्या बावीस पानांत शिंपले होते, विहिरी होत्या, बैलांचा दम होता. आणि एका तळटीपेत 'हिरूचा पाडा' एवढं नाव होतं. दाखले देणाऱ्या पहिल्या विद्वानाने लिहिलं, हिरू हा बहुधा गावचा पुढारी असावा. दुसऱ्याने पहिल्याचा हवाला देऊन 'बहुधा' काढून टाकलं. तिसरी बाई होती, तिने शोधलं की या भागात हिरू हे बायकांचंही नाव असतं. तेव्हापासून हिरू स्त्री झाली. चौथ्याने तिला मिठाच्या वाटेवर जकात वसूल करायला बसवलं. १९९१ पर्यंत हिरूला राज्यकाल मिळाला होता, १५४० ते १५९० च्या सुमाराचा, आणि तिचं जकातीचं धोरण शेजारच्या सत्तांपेक्षा उदार होतं.

अहिल्येने दोघांना पत्रं लिहिली, की मी असं म्हटलेलं नाही. दोघांनी आभार मानले आणि पुढच्या लेखात त्या पत्रांचाही दाखला दिला. एकूण संख्या दोनाने वाढली.

या सगळ्यात तिला हवं होतं ते वेगळंच. तिने बेचाळीस नकाशे काढले होते. झाईपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत, प्रत्येक शतकाला मुलूख कसा होता त्याचा संग्रह. रात्री जेवणाची भांडी उचलली की त्याच टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरायचा. कॉलेजात कपाट नव्हतं, म्हणून नकाशे आमच्या पलंगाखाली. दहा वर्षं मी सोळाव्या शतकावर झोपत होतो. मुंबईच्या एका प्रकाशकाने विचारलं, परीक्षेला उपयोग होईल का? दुसऱ्याने विचारलं, रंगीत चित्रं घालता येतील का? तिने पुन्हा कोणाला विचारलं नाही. पावसाळ्यात मात्र ती नकाशांना वाळवी लागली नाही ना, हे दिव्याने बघायची, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नसे.

सप्टेंबर १९९३ मध्ये हॉलंडच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. हिरूवर त्यांनी आपल्या पुस्तकात सबंध प्रकरण लिहिलं होतं. तिकडचा एक मोठा प्रकाशक अहिल्येचे बेचाळीसही नकाशे छापायला तयार होता. पुस्तकाचं नाव 'हिरूचा मुलूख'. प्रस्तावना प्राध्यापकांची. डिसेंबरात ते स्वतः येऊन जागा पाहणार आणि करारावर सह्या होणार.

अहिल्येने पत्र तीनदा वाचलं. नाव बदलता येईल का, असं एकदा पुटपुटली. मग पलंगाखालून नकाशे काढून सगळे जमिनीवर मांडले. आम्हाला पाय ठेवायला जागा राहिली नाही. आम्ही दोघं पलंगावर बसून राहिलो, बेटावर बसावं तसे.

प्राध्यापक डिसेंबरात आले. उंच, म्हातारे, सज्जन गृहस्थ. चिकू सालीसकट खाल्ले. भाड्याची जीप करून आम्ही तिघं माळावर गेलो. माझ्या खांद्यावर दोरी होती. माळ दिसताच प्राध्यापकांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि मिनिटभर उभे राहिले. मीही उभा राहिलो. चिंचा तशाच होत्या. जमना पन्नाशीला आलेली. तिने आम्हाला लगेच ओळखलं, आणि माझ्या खांद्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "काम झालं का बाय?"

अहिल्या म्हणाली, अजून थोडं राहिलंय.

प्राध्यापकांची इच्छा होती, की लोकांच्या आठवणीत हिरूबद्दल काही उरलं असेल तर ते जमनाच्या तोंडून ऐकावं. अहिल्येला त्याची फारशी आशा नव्हती. चारशे वर्षांपूर्वीचं कोणाला काय आठवणार? तरी तिने विचारलं, "जमनाबाय, हिरूचं काय आठवतं तुला?"

जमनाचा चेहरा असा उजळला, की आम्ही तिघंही पुढे सरकलो.

जमना बोलायला लागली. अहिल्या वाक्यावाक्याला इंग्रजी करायची आणि प्राध्यापक लिहून घ्यायचे. हिरूसारखी पुन्हा झाली नाही. ती निघाली की बाकीच्या मुकाट तिच्या मागून जायच्या. पुरुष माणूस समोर आला तरी वाट सोडायची नाही, त्यानेच बाजूला व्हायचं. एकदा एकटीच हद्द ओलांडून संजाणपर्यंत गेली आणि चार दिवसांनी आपली आपण परत आली. अकरा पोरं झाली तिला. आणि नंतर-नंतर तर तिला कोणी बांधूच शकलं नाही.

प्राध्यापकांनी या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. मला स्वतःला काटा आला. चारशे वर्षांनंतर कोणाच्या तरी तोंडी अशी बाई जिवंत आहे, आणि अहिल्येने तिला शोधून काढलं.

"येक शिंग मोडलेलं होतं," जमना म्हणाली, "तरी कोणाला आयकायची नाय."

अहिल्या थांबली. प्राध्यापकांचं पेन वर उचललेलं होतं.

तिने मराठीत, अगदी हळू विचारलं, "जमनाबाय, हिरू कोण?"

"कोण म्हंजे? तुझी पट्टी नव्हती का खाल्ली? तीच."

माळावर वारा होता. कुठेतरी लांब हायवेवर ट्रक गेला. प्राध्यापक आदराने वाट बघत होते. त्यांना वाटलं, बाईंना शब्द सापडत नाही.

आता हे नीट समजून घ्या, की त्या माळावर ऐकू येईल इतक्या जवळ मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. जमनाला इंग्रजी येत नव्हतं. मी अहिल्येचा नवरा. शिंगाचं वाक्य गाळलं असतं तर पृथ्वीवर कोणालाही कधीही कळलं नसतं. तिच्या जागी मी असतो तर शिंगाचा मुकुट केला असता आणि 'मोडलेला' हा शब्द लढाईत बसवला असता. बेचाळीस नकाशे. दहा वर्षं. अहिल्येने माझ्याकडे पाहिलं. मी दोरीच्या गाठी मोजायला लागलो, कारण डोळ्याला डोळा दिला असता तर मी 'गाळ' म्हटलं असतं आणि तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असतं.

अहिल्या प्राध्यापकांकडे वळली आणि वर्गात बोलते त्याच आवाजात इंग्रजीत म्हणाली, की हिरूचं एक शिंग मोडलेलं होतं. ती शेळी होती. चूक माझी आहे, तुमची नाही.

मी अनेक थोर माणसांना फलाटावर उतरताना पाहिलं आहे. हार घालून घेताना, हात हलवताना. इतक्या उंचीचं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाच फूट एक इंच होतं.

प्राध्यापक बराच वेळ काढून ठेवलेल्या टोपीकडे बघत राहिले. आपण ती कोणासाठी काढली होती, याचा हिशेब लागत असावा. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग थोडा विचार करून पुन्हा काढली, आणि या खेपेला अहिल्येकडे तोंड करून उभे राहिले.

अहिल्येचं मात्र काम राहिलं होतं. तिने वही उघडली आणि जमनाला विचारलं, मग पाड्याचं खरं नाव काय? जमनाने पदर तोंडावर घेतला. पुन्हा ताडाकडे पाहिलं, पण आता ताडाखाली तिचा नवरा बसला होता, ताडीचं मडकं पुसत. "मी कशी सांगू? त्याला इचार," ती म्हणाली.

नवऱ्याने मान वर केली. "धाकल्याचा पाडा," तो म्हणेपर्यंत जमनाने तोंड फिरवलं होतं. "मी धाकल्या. माझ्या आज्याचा आजा धाकल्या, त्याचा पाडा. तेच नाव मला ठेवला. तू मागं आलीस तवा मी वरती होतो, ताडावर. तू मला इचारलंच नाय."

म्हणजे १९८३ साली ऐतिहासिक सत्य आमच्या डोक्यावर चाळीस फुटांवर ताडी काढत होतं. आणि आम्ही ते खाली, त्या गावात एकाच माणसाला विचारलं, जिने ते कधीही उच्चारलं नसतं.

आम्ही जीपने परत निघालो. चारोटीचा फाटा गेल्यावर अहिल्या म्हणाली, "मला कळायला हवं होतं हो. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तर चालेल. मी तेवीस जणांची नावं लिहिली आणि तुमचं लिहिलं नाही. ती वर बघत होती, खाली बघत होती. मी बँकेत तेच करते."

मी म्हणालो, निदान तू मला शेळीचं नाव दिलं नाहीस. त्यावर ती हसली.

तिने दीड पानाची दुरुस्ती लिहिली. १९९४ साली त्याच त्रैमासिकात ती छापून आली. नाव चुकलं, का चुकलं, कोणाचं चुकलं. शेळीचा उल्लेख शेळी म्हणूनच होता. हॉलंडच्या प्रकाशकाचं अत्यंत सभ्य पत्र आलं, की हिरूवाचून हा संग्रह त्यांच्या यादीत बसत नाही. ते पत्र तिने पलंगाखाली नकाशांच्या जवळच ठेवलं. त्या पावसाळ्यात वाळवी बघायला ती गेली नाही. मी गेलो. वाळवी नव्हती.

नकाशे पडून राहिले असते. पण हॉलंडच्या त्या प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतून सबंध प्रकरण काढून टाकलं, आणि त्या जागी एक पान घातलं. राणी नव्हती, असं त्यात लिहिलं होतं, पण विहिरी आहेत, शिंपले आहेत, आणि ते जिने शोधले तिचा शब्द मी डोळे मिटून मानीन, कारण तिने मला शिंगाचं सांगितलं. ते पान पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाच्या वाचनात आलं. संग्रह १९९७ अखेर निघाला. तीनशे प्रती, साधा कागद, बेचाळीसही नकाशे. सतराव्या नकाशावर 'धाकल्याचा पाडा'. चौथ्या पानावर आभार. 'मोहन चुरी, पंधरा वर्षं दोरीचं दुसरं टोक.' माझं नाव तिने लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. एकही चूक नव्हती.

त्याच आठवड्यात मी भिंग घेऊन मुंबईला गेलो. शेवटचं जाणं. आता निवृत्त झालो होतो. घरी आलो तेव्हा पोळ्या चालू होत्या.

"पंखा?"

"जुन्या लेखाचे त्रेसष्ट," मी म्हणालो. "दुरुस्तीचा एक."

"तो हॉलंडवाल्यांचा असेल," अहिल्या म्हणाली.

तोच होता. बाकीच्या जगात हिरू अजून जकात गोळा करते आहे. नुकताच एका प्रबंधात तिने आरमारही उभं केलं आहे, असं ऐकतो.

जानेवारी १९९८ मध्ये संग्रहाची एक प्रत घेऊन आम्ही एसटीने तलासरीला गेलो आणि तिथून पायी. माळावर धाकल्या आणि जमना दोघंही होती. झोपडीपुढे एक तांबडी शेळी खुंट्याभोवती फिरत होती, गळ्यात काथ्याचा तुटका तुकडा. अहिल्येने जमिनीवर पुस्तक उघडलं, सतरावा नकाशा काढला. ही झाई, हा समुद्र, ही मिठाची वाट, या नऊ विहिरी, आणि हा तुमचा पाडा, तुझ्या नावाचा. धाकल्याने बोट ठेवून नकाशा सावकाश वरून खाली पाहिला. विहीर चिंचेच्या या बाजूला आहे ना, त्याने खात्री करून घेतली, आणि बरोबर काढली आहे असं सांगितलं. अहिल्येला मिळालेला पासष्टावा दाखला तो, पण त्या जाडजूड ग्रंथात यायचा नाही.

मग तिने जमनाला सांगितलं, की या वाटेबद्दल लिहिलेलं हॉलंडला गेलं, लंडनला गेलं, समुद्रापलीकडे कॅनबेरा म्हणून गाव आहे तिथे गेलं. तिकडची मोठमोठी माणसं आता हा पाडा ओळखतात. चारशे वर्षं वाट चालू होती, ती कोणाला ठाऊक नव्हती, आता कायमची कागदावर आली. मी पलीकडे वळून चिंच बघत होतो.

जमनाने सगळं नीट ऐकून घेतलं. पुस्तकावरची धूळ पदराने पुसून ते धाकल्याकडे दिलं.

"म्हंजे झालं काम?" तिने विचारलं.

"झालं," अहिल्या म्हणाली.

जमनाने माझ्या खांद्याकडे हात पुढे केला.

"मग ती दोरी दे."